मोठ्या बोअरचं ऑटो पिस्तूल: १९११, ग्लॉक, एचके, सिग की डेझर्ट ईगल?

मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड नळीचं, पिस्तूल घ्यायचंय म्हटलं की माणूस आधी विचारतो सगळ्यात जबर मार कशाचा, आणि मग लगेच विचारतो की अडकत नाही असं कुठलं, आणि घोळ इथेच सुरू होतो कारण हे दोन्ही एकाच पिस्तुलात क्वचितच मिळतं. सेमी-ऑटोमध्ये (ह्यालाच मी खाली ऑटो म्हणतोय, ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी) आधीच्या राउंडच्या, म्हणजे काडतुसाच्या, जोरावरच पुढचा राउंड चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या (नळीच्या) मागच्या टोकात जातो. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे गेली पाहिजे, रिकामी पुंगळी बाहेर फेकली गेली पाहिजे, स्प्रिंगने स्लाइड पुढे ढकलताना मॅगझिनमधला राउंड ओढून नेला पाहिजे आणि बॅरल पुन्हा लॉक झाली पाहिजे, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. जोर कमी पडला तर पुंगळी अर्धवट अडकते. जोर जास्त झाला तर स्लाइड इतकी सुसाट मागेपुढे होते की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचा राउंड वर आणायला वेळच मिळत नाही. म्हणजे कमी आणि जास्त यांच्या मधे एक पट्टा आहे, त्या पट्ट्यात पिस्तूल गुमान चालतं. माझ्या मते भरवशाचं पिस्तूल म्हणजे ज्याचा हा पट्टा रुंद आहे ते, आणि कॅलिबर (गोळीचं माप आणि काडतुसाची जात) जसजसं तापट होत जातं तसतसा हा पट्टा आवळत जातो. खालची सगळी तुलना याच नजरेने केलीय, त्यामुळे कुणाला आपल्या आवडत्या पिस्तुलावर अन्याय झाला असं वाटलं तर वाटू दे.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, तुमच्या देशात कुठलं कॅलिबर सामान्य माणसाला लायसन्सवर मिळतं ते आधी बघा. काही देशांत लष्करी वापरातली कॅलिबर्स नागरिकांना बंदच आहेत, काही ठिकाणी मॅगझिनमध्ये दहाच राउंड चालतात, आणि ह्या एका नियमाने खालची निम्मी तुलना बदलू शकते.

आधी कॅलिबर, मग पिस्तूल

मोठं बोअर म्हणजे इथे मी चारच धरतोय: .४५ एसीपी, १० एमएम ऑटो, .४४ मॅग्नम आणि .५० एई. .४० एस अँड डब्ल्यू बद्दल विचारू नका, ते १९९० साली १० एमएमचंच कापून आखूड केलेलं भावंड म्हणून आलं आणि आज नवीन घेणाऱ्याला ते घ्यायला सांगावं असं सबळ कारण मला तरी दिसत नाही.

.४५ एसीपी हे जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन शस्त्र-डिझायनरच्या डोक्यातून आलेलं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं काडतूस. २३० ग्रेनची म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅमची जाडजूड गोळी, वेग सेकंदाला २५५ ते २६० मीटर, ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास. आकडे बघून लोक नाक मुरडतात कारण ९ एमएमही ऊर्जेत त्याच्या जवळपास येतं. पण मेख आहे ती दाबात. .४५ चा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, ९ एमएमचा ३५,००० आणि १० एमएमचा ३७,५००. कमी दाब म्हणजे पुंगळी चेंबरला कमी चिकटते, बॅरलवर आणि लॉकिंगवर ताण कमी, पार्ट जास्त टिकतात. शिवाय गोळी जड असल्यामुळे स्लाइडला मिळणारा रेटा भरपूर असतो, ९ एमएमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त. कमी दाब आणि भरपूर रेटा, हे कॉम्बिनेशन ऑटो पिस्तुलासाठी अगदी सोयीचं आहे. वेग आवाजाच्या वेगाखाली असल्यामुळे सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) वापरणाऱ्यांनाही तेच आवडतं, गोळीचा हवेतला कडाका होत नाही.

१० एमएमची गोष्ट वेगळी. १९८३ साली ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलासोबत ते आलं, जेफ कूपर हे अमेरिकन पिस्तूल प्रशिक्षक त्या प्रोजेक्टमागचं मोठं नाव, आणि नॉर्मा ह्या काडतूस कंपनीने सुरुवातीचं काडतूस काढलं ते २०० ग्रेनची गोळी १,२०० फूट प्रति सेकंद फेकणारं, म्हणजे ८६० ज्यूलच्या पुढे. आणि ब्रेन टेनचं झालं काय, तर ग्राहकांच्या हातात पिस्तुलं पोचली पण मॅगझिन पोचली नाहीत. कंपनी १९८६ पर्यंत बुडाली. मॅगझिनशिवाय ऑटो पिस्तूल म्हणजे एक-एक राउंड हाताने भरायचं महागडं लोखंड, आणि हा धडा आजही लागू आहे, पिस्तूल आवडलं तरी त्याची मॅगझिन सहज मिळतात का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

.४४ मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. .५० एई १९८८ मध्ये आलं, त्याच्या बुडाची कड मुद्दाम .४४ मॅग्नमच्या मापाची ठेवलीय म्हणजे एकाच पिस्तुलात नुसती बॅरल आणि मॅगझिन बदलून दोन्ही चालावीत. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास, ऊर्जा जवळपास २,००० ज्यूल. म्हणजे .४५ च्या चौपट. ऐकायला भारी वाटतं, पण पट्टा किती आवळला असेल विचार करा.

१९११: म्हातारा आहे पण हातात बसतो

अमेरिकन लष्कराने २९ मार्च १९११ ला हे पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा एम९ येईपर्यंत तेच त्यांचं अधिकृत पिस्तूल होतं. निवड चाचणीत कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाने, म्हणजे ह्याच डिझाइनने, ६,००० राउंड एकदाही न अडकता मारले, तापलं की पाण्यात बुडवून पुन्हा सुरू. ही गोष्ट १९११ वाले लोक दर दोन वाक्यांनी सांगतात. गोष्ट खरी आहे, पण ते पिस्तूल कसून बसवलेलं होतं आणि त्यात चाललेला राउंड एकाच जातीचा, गोल नाकाचा, धातूचं आवरण असलेला फुल मेटल जॅकेट. आज तुम्ही त्यात पोकळ नाकाची हॉलो पॉइंट घालता, आठ राउंडचं दुसऱ्याच कंपनीचं मॅगझिन लावता, तीन इंची आखूड बॅरलचं मॉडेल घेता आणि मग म्हणता १९११ अडकतं. अडकणारच ना.

ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९११ मध्ये राउंड चढण्याची रॅम्प दोन तुकड्यांत आहे, अर्धी फ्रेमवर आणि अर्धी बॅरलवर, मधे बारीकशी फट लागते. ती फट नीट नसेल तर रुंद तोंडाची गोळी तिथेच आदळते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, आतल्या बाजूला असतो आणि तो स्वतःच स्प्रिंग स्टीलची पट्टी आहे, त्याचा ताण हाताने वाकवून सेट करावा लागतो. ताण ढिला झाला की पुंगळी मधेच सुटते, आणि हा ताण ढिला करायचा खात्रीचा उपाय म्हणजे चेंबरमध्ये हाताने राउंड टाकून वरून स्लाइड सोडणे. ह्या डिझाइनमध्ये राउंड मॅगझिनमधूनच वर यायला हवा, कारण तो वर येता येता एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकतो. बरेच जण एक राउंड जास्तीचा बसवायच्या नादात हेच करतात आणि काही महिन्यांनी कंपनीला शिव्या घालतात.

मॅगझिनचं पण तसंच. मूळ डिझाइन सात राउंडचं. आठ राउंडची चांगली मॅगझिन मिळतात, पण तेवढ्याच नळीत एक राउंड जास्त कोंबायचा म्हणजे स्प्रिंगला जागा कमी, आणि शेवटच्या राउंडला स्प्रिंगचा जोर अपुरा पडायची शक्यता वाढते. भरवसाच हवा असेल तर सात राउंडचं घ्या आणि गप्प बसा.

मग लोक १९११ घेतात तरी का? ट्रिगरसाठी. सरळ मागे सरकणारा, आखूड, चांगल्या पिस्तुलात दोन किलोच्या आसपास, आणि दर वेळी तसाच. इतका सरळ ट्रिगर ह्या यादीत दुसऱ्या कुणाकडे नाही. दुसरं म्हणजे जाडी. राउंड एकाच रांगेत असल्यामुळे मूठ चपटी, लहान हाताच्या माणसाला .४५ चालवायचं असेल तर हा फार मोठा मुद्दा आहे. तिसरं वजन, पाच इंची पूर्ण स्टीलचं पिस्तूल रिकामं १.१ किलो भरतं आणि ते वजन धक्का गिळतं. कमरेला दिवसभर बाळगायचं असेल तर मात्र तेच वजन संध्याकाळपर्यंत बोलायला लागतं.

एक बारीक गोष्ट, ग्रिप सेफ्टी. मुठीच्या मागची ती पट्टी तळहाताने दाबली गेल्याशिवाय पिस्तूल फायर होत नाही. ज्यांच्या तळव्याला खोलगटपणा आहे किंवा जे अंगठा वरच्या सेफ्टीवर ठेवून धरतात त्यांच्याकडून ती कधी कधी पूर्ण दाबलीच जात नाही. घेण्याआधी हातात धरून बघा, रिकाम्या पिस्तुलावर, वेगवेगळ्या पद्धतीने पकडून, घाईत पकडून पण. उंचवटा दिलेल्या ग्रिप सेफ्ट्या येतात, त्याने बहुतेकांचं काम होतं.

१९११ घ्यायचंच असेल तर पाच इंची बॅरल, नाहीतर सव्वाचार इंची. तीन इंची १९११ हे मला कधी पटलंच नाही. स्लाइडचा प्रवास आखूड, स्प्रिंग जास्त कडक, बॅरलला जास्त झुकावं लागतं, म्हणजे ज्या पट्ट्याबद्दल वर बोललो तो आपण स्वतःहून कात्रीने कापून घेतल्यासारखं.

ग्लॉक २१: रूपाचं सोडा

ग्लॉक २१ म्हणजे .४५ एसीपी, तेरा राउंड, पॉलिमर फ्रेम, रिकामं साधारण ८०० ग्रॅमच्या आसपास. .४५ चा एक राउंड २१ ग्रॅमचा, तेरा म्हणजे पाव किलोच्या वर, तेव्हा तेरा राउंड भरलेलं ग्लॉक २१ हे रिकाम्या १९११ इतकंच वजनदार होतं. हे एक वाक्य ऐकून बऱ्याच जणांचा निर्णय होतो.

भरवशाच्या बाबतीत ह्याचं गणित सोपं आहे. पार्ट कमी, एक्स्ट्रॅक्टर बाहेरचा आणि त्याला वेगळी स्प्रिंग, हाताने बसवण्यासारखं फारसं काही नाहीच, पार्ट बदलायचा तर नवीन टाकला की झालं. चेंबर थोडं ढिलं, त्यामुळे मळलेले राउंड पण आत जातात. बाहेरून हाताने लावायची सेफ्टी वगैरे काही नाही, ट्रिगरमधली पट्टी, फायरिंग पिनचा ब्लॉक आणि पडल्यावर न उडण्याची सोय ह्या तिन्ही आतल्या आतच काम करतात. ट्रिगर अडीच किलोच्या आसपास, ना फार छान ना वाईट, थोडा स्पंजी. पेपर टार्गेटवर बारीक ग्रुप काढायचे असतील तर १९११ समोर हा ट्रिगर फिका पडतो, अडचणीच्या वेळी मात्र दर वेळी तोच असतो हे महत्त्वाचं.

त्रास एकच पण मोठा, मूठ. दोन रांगांत .४५ भरले की मूठ जाड होणारच. लहान हाताच्या माणसाचं बोट ट्रिगरवर नीट पोचत नाही, मग तो पिस्तूल हातात तिरकं फिरवून धरतो, आणि तिरकं धरलं की धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि गोळी बाजूला जाते. आखूड फ्रेमचं एसएफ मॉडेल ह्यासाठीच काढलं, त्याने फरक पडतो पण चमत्कार होत नाही. आणि जिथे दहा राउंडची मर्यादा आहे तिथे तर ह्या जाड मुठीचा फायदा संपूनच जातो, जाडी तेवढी उरते.

आणखी दोन गोष्टी. ग्लॉकच्या बॅरलमध्ये पॉलिगोनल रायफलिंग (धारदार खाचांऐवजी गोलसर कोनांचं) असतं, त्यात उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका, शिसं साचत जातं आणि दाब वाढतो. आणि ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं, चेंबरमध्ये एक बसलेला असू शकतो. स्लाइड मागे ओढा, डोळ्याने बघा, बोट घालून बघा, मगच पुढचं. ह्यात आळस करणाऱ्या माणसाने दुसरं पिस्तूल घ्यावं, एचके आणि सिग उघडताना ट्रिगर दाबावा लागत नाही.

एचके आणि सिग

सिग पी२२० हे १९७५ पासूनचं डिझाइन, स्विस सैन्याने ९ एमएममध्ये घेतलं आणि .४५ मध्ये ते पुढे प्रसिद्ध झालं. अॅल्युमिनियमची फ्रेम, एकाच रांगेत आठ राउंड, मूठ हातात छान भरते. सेफ्टी नाही, डीकॉकर आहे, म्हणजे हॅमर (मागचा हातोडा) सुरक्षितपणे खाली उतरवायची कळ. पहिला ट्रिगर लांब आणि जड, साडेचार-पाच किलोच्या घरात, नंतरचे हलके. हा पहिल्या आणि दुसऱ्या गोळीतला फरक काहींना आयुष्यभर जमत नाही आणि काहींना पहिल्याच दिवशी जमतो. तुम्ही कुठल्या गटात ते रेंजवर कळेल, मी सांगू शकत नाही. भरवशाला उत्तम, फक्त फ्रेमच्या रुळांना वंगण कमी पडू देऊ नका, अॅल्युमिनियमवर स्टील घासलं की झिजतं.

एचकेचं यूएसपी .४५ मात्र मला जरा थांबून बघण्यासारखं वाटतं. यूएसपी मालिका १९९३ ची, मुळात .४० साठी डिझाइन केली आणि मग इतर कॅलिबरमध्ये नेली. बहुतेक कंपन्या ९ एमएमचं पिस्तूल बनवतात आणि मग त्याला ओढूनताणून मोठं कॅलिबर बसवतात, इथे सुरुवातच जास्त जोराच्या काडतुसापासून. रिकॉइल स्प्रिंगच्या गाइड रॉडवर एक दुसरी जाड स्प्रिंग असते, स्लाइड शेवटाला आदळायच्या आत ती ठोका गिळते. मी म्हणतो तो पट्टा रुंद करायचा हा सरळसोट उपाय. हलका राउंड घाला, जड घाला, प्लस-पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाचा) घाला, सगळं चालतं. बारा राउंड, हॅमर, आणि कळ अशी की वर केली तर सेफ्टी आणि खाली दाबली तर डीकॉकर, शिवाय डावखुऱ्यांसाठी बदलून घेता येते. ह्याच घराण्यातलं मार्क २३ अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडला १९९६ मध्ये मिळालं, ते भरवशाला अफाट पण आकाराने इतकं अवाढव्य की नागरिकाने कपाटात ठेवण्यापलीकडे त्याचं काय करायचं हा प्रश्नच आहे.

यूएसपीचा तोटा म्हणजे उंच स्लाइड, ठोकळ्यासारखी मूठ आणि पहिला ट्रिगर रटाळ. नंतरच्या एचके४५ ने हे बरंच सुधारलं, दहा राउंड, मुठीच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात, हाताला खूपच बरं. मला एकच .४५ निवडायला सांगितलं, आणि पैशाचा विचार करायचा नाही असं पण सांगितलं, तर मी एचके४५ उचलेन. पैशाचा विचार करायचा तर ग्लॉक २१, आणि उरलेल्या पैशाचे राउंड.

एफएन एफएनएक्स-४५ चं नाव पण घ्यायला हवं, पंधरा राउंड आणि तरी मूठ सहन होण्याइतकी. एस अँड डब्ल्यूचं एम अँड पी ४५ लहान हातांना ग्लॉकपेक्षा चांगलं बसतं. सीझेड ९७बी स्टीलचं, जड, मारायला मऊ, बाळगायला निरुपयोगी.

१० एमएम कुणी घ्यावं

जंगलात, जनावरांच्या प्रदेशात फिरणाऱ्याने. बाकीच्यांनी कशाला हा प्रश्न मी मनापासून विचारतोय. ग्रीनलंडमध्ये गस्त घालणारं डॅनिश सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी ग्लॉक २० बाळगतं, पंधरा राउंडचं १० एमएम. तिथे त्याला अर्थ आहे, थंडीत चालणारं, हातमोजे घालून वापरता येणारं आणि खोलवर जाणारी गोळी फेकणारं पिस्तूल दुसरं फारसं नाही.

भरवशाच्या दृष्टीने १० एमएमची अडचण अशी की डब्यावर १० एमएम लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते वेगवेगळं असतं. सौम्य राउंड १८० ग्रेन सेकंदाला ३१५ मीटरने, म्हणजे पावणेसहाशे ज्यूल, आणि पूर्ण ताकदीचा त्याच्या दीडपट. स्प्रिंग एकच. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर १० एमएम घेतलं, मग धक्का जास्त होतो म्हणून सौम्य राउंड काढला, आणि मग त्या सौम्य राउंडसाठी एवढी लांब पुंगळी कशाला म्हणून .४० जन्मलं. कोल्टने १९८७ मध्ये १९११ च्या अंगात १० एमएम बसवून डेल्टा एलिट काढलं तर सुरुवातीच्या पिस्तुलांच्या फ्रेमला स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवणाऱ्या कळीच्या) वरच्या बाजूला तडे जायला लागले, शेवटी कंपनीने तिथलं धातूच कापून टाकलं म्हणजे तडा जायला जागाच राहू नये. .४५ साठी बनवलेल्या सांगाड्यात तापट काडतूस घातलं की काय होतं ह्याचं हे चांगलं उदाहरण.

ग्लॉक २० ची स्लाइड आणि फ्रेम मोठी आहे, ते हे सगळं बरंच सहन करतं. फक्त लोक इंटरनेटवर वाचून लगेच कडक स्प्रिंग टाकतात, ते करू नका. कडक स्प्रिंगने स्लाइड मागे हळू जाते पण पुढे जोरात येते, आणि सौम्य राउंडवर अडकायला लागते. आधी मूळ स्प्रिंगवर तुमचा जो राउंड ठरलाय तो मारून बघा. पुंगळीच्या बुडाशी फुगवटा दिसत असेल तर तो राउंड त्या बॅरलला फार तापट आहे, राउंड बदला. आणि .४० चे राउंड १० एमएमच्या चेंबरमध्ये घालायचा उद्योग अजिबात करू नका, चालतात असं सांगणारे भेटतील, तो राउंड नुसत्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यावर लटकलेला असतो.

डेझर्ट ईगल, एकदाचं बोलून टाकू

पडद्यावर बघून ह्याच्या प्रेमात पडलेले खूप. यंत्र म्हणून मला पण ते आवडतं. ह्या यादीतल्या इतर सगळ्या पिस्तुलांत बॅरल आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे जातात आणि मग बॅरल खाली झुकून सुटते. इथे बॅरल पक्की, चेंबरजवळच्या भोकातून गॅस पुढे जाऊन पिस्टनला ढकलतो आणि फिरता बोल्ट उघडतो, म्हणजे रायफलची पद्धत पिस्तुलात. .४४ मॅग्नम आणि .५० एईचा दाब आवरायला इथे ही पद्धत वापरलीय. वजन दोन किलो. .५० मध्ये सात राउंड, .४४ मध्ये आठ.

पण भरवसा म्हणाल तर हे पिस्तूल तुमच्याकडून खूप काही मागतं. उघड्या शिशाची गोळी चालत नाही, गॅसचं भोक बुजतं. सौम्य राउंड चालत नाहीत, गॅस पुरत नाही. मॅगझिन आत थोडं हलतं राहायला हवं असं डिझाइन आहे, त्यामुळे खालचा हात मॅगझिनच्या बुडाला टेकवला की राउंड वर दाबला जाऊन अडकतो. मनगट ढिलं राहिलं तर अडकतं. घाण झालं तर अडकतं. पट्टा किती अरुंद आहे बघा. रेंजवर मित्रांना दाखवायला, हसत हसत दोन मॅगझिन मारायला झकास. कशावर तरी विसंबून राहायचं असेल तर नाही. आणि .४४ मॅग्नमचीच ताकद हवी असेल तर सरळ रिव्हॉल्व्हर घ्या, त्याला राउंड कमजोर आहे की जोरदार ह्याच्याशी काही देणंघेणं नाही, ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरतो.

तुमचा हात पण पिस्तुलाचाच पार्ट आहे

ह्याबद्दल लोक फार कमी बोलतात. स्लाइड मागे जायला फ्रेम जागेवर थांबावी लागते, आणि फ्रेमला थांबवतो तो तुमचा हात. हात मऊ पडला की फ्रेम पण स्लाइडसोबत मागे जाते, दोघांमधलं अंतर कमी पडतं आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. फ्रेम जितकी हलकी तितका हा प्रकार जास्त, म्हणून पॉलिमर पिस्तुलात १९११ पेक्षा लवकर दिसतो. म्हणजे गंमत बघा, अनुभवी माणसाच्या हातात ग्लॉक जास्त भरवशाचं आणि नवख्याच्या, बारीक मनगटाच्या माणसाच्या हातात कदाचित जड स्टीलचं १९११ जास्त भरवशाचं ठरू शकतं, कंपनीचं नाव काहीही असो. घरातले दोघं एकच पिस्तूल वापरणार असतील तर दोघांच्या हातात, एका हाताने, डाव्या हाताने पण मारून बघा.

कान मात्र दुहेरी झाका, आत बोळे आणि वर मफ. बंदिस्त रेंजमध्ये १० एमएम आणि .५० साठी तर नुसत्या बोळ्यांवर जाऊच नका.

मग घ्यायचं कुठलं

हात मध्यम किंवा मोठा, एकच पिस्तूल, देखभालीचा कंटाळा: ग्लॉक २१. हात लहान आणि तरी .४५ च हवं: एम अँड पी ४५, नाहीतर एचके४५ हातात धरून बघा, तेही नाही बसलं तर पाच इंची १९११. स्वतः उघडून बसवायची हौस आहे, टार्गेटवर मजा घ्यायची आहे, एक्स्ट्रॅक्टरचा ताण तपासायला आवडेल: १९११, डोळे झाकून. हॅमर दिसला पाहिजे, कळ हाताशी पाहिजे: यूएसपी किंवा पी२२०. अस्वलाच्या मुलखात: ग्लॉक २०. ह्यातलं काहीच नाही आणि नुसतं पॉवरफुल हवंय: तर ९ एमएम घ्या आणि उरलेल्या पैशात सराव करा, मी मस्करी करत नाहीये.

घेतल्यावर

नव्या पिस्तुलावर लगेच भरवसा टाकू नका. साधे काही शे राउंड मारा, मग ज्या राउंडवर खरा भरवसा ठेवायचाय तेच किमान दोनशे मारा, महाग पडतात पण दुसरा मार्ग नाही. मॅगझिनवर रंगाने नंबर टाका. अडकलं की कुठल्या नंबरचं मॅगझिन, पहिला राउंड की शेवटचा, हे लिहून ठेवा. दर वेळी तोच नंबर निघत असेल तर पिस्तूल नाही, मॅगझिन खराब आहे, आणि बहुतेक वेळा हेच निघतं. पहिला राउंड अडकतो तेव्हा मॅगझिन फार कोंबलेलं, शेवटचा अडकतो तेव्हा स्प्रिंग मेलेली. कसून बसवलेल्या १९११ ला सुरुवातीचे काही शे राउंड रुळायला लागतात, ते कंपनीच्या पुस्तिकेत पण लिहिलेलं असतं, ग्लॉक-एचकेने मात्र पहिल्या डब्यापासून चालायलाच हवं.

रिकॉइल स्प्रिंग झिजणारी वस्तू आहे, साधारण ३,००० ते ५,००० राउंडला बदलायची, १० एमएममध्ये त्याहून लवकर.

जुनं घेत असाल तर बॅरल काढून चेंबरचा खालचा भाग उजेडात बघा, १९११ असेल तर बॅरलच्या वरच्या लॉकिंग लग्जच्या (स्लाइडमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या) कडा गोल झाल्यात का ते बघा, स्लाइड हळू सोडली तर पूर्ण बंद होते का बघा, हॅमर वर असताना मागून अंगठ्याने रेटल्यावर पडत तर नाही ना हे रिकाम्या पिस्तुलावर तपासा. ट्रिगरचं काम घरी केलेलं, "एकदम हलका केलाय बघा" असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर ते पिस्तूल तिथेच ठेवा. आणि सोबत मिळालेली जुनी मॅगझिन सरावाला वापरा, खऱ्या वापरासाठी कंपनीचीच नवीन घ्या, निदान तीन.